नवं कार्ड आणि जुना ९९००के : आधी काय बदलायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज होत असेल तर लगेच कळेल. मशीन २०१९ ची आहे. कोअर आय९-९९००के, झेड३९० चा बोर्ड, आठ-आठच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि जीटीएक्स १०८० टीआय ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर आत्ताच १४४०पी, १६५ हर्ट्झचा घेतलाय. मुख्य खेळ सायबरपंक २०७७ आणि बाल्डर्स गेट ३, शनिवार-रविवारी मित्रांबरोबर व्हॅलोरंट. आरटीएक्स ५०७० हे नवं कार्ड घ्यायचं मनात आहे. पण एका वेबसाइटवर दोन नावं टाकल्यावर 'प्रोसेसर कार्डाला ३० टक्के अडवेल' असं उत्तर आलं, आणि दुकानदार म्हणतोय की बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच काढून टाका. पैसे मात्र दोन्हींपैकी एकाचेच आहेत.

माझं मत: कार्ड घ्या, प्रोसेसर राहू द्या. त्याला अटी आहेत, त्या पुढे येतीलच. मी नाशकात मशीन जुळवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. ९९००के अजूनही बऱ्यापैकी टेबलावर येतो, आणि तो घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुधा प्रोसेसरमुळे नसते.

आधी त्या ३० टक्क्यांचं बघू. त्या साइटला तुम्ही कोणता खेळ खेळता, सेटिंग काय ठेवता, सेकंदाला किती फ्रेमवर (म्हणजे पडद्यावरच्या चित्रांवर) तुमचं समाधान होतं, यातलं काही माहीत नाही. त्याशिवाय तो आकडा काढताच येत नाही, म्हणून तो विसरा. प्रत्येक फ्रेममागे दोन कामं असतात. कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, दार उघडलं की नाही हे ठरवून काय काय काढायचं त्याची यादी बनवायची, हे प्रोसेसरचं काम. ती यादी घेऊन चित्र रंगवायचं, हे कार्डाचं. एक जण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय असं समजा. लाटणारा मंद असेल तर दुसरा तवा आणून पोळ्या वाढत नाहीत, आणि भाजणाराच मंद असेल तर लाटणाऱ्याला बदलून काही होत नाही.

आता वेळेचा हिशेब. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ९० ला ११.१, आणि तुमच्या मॉनिटरच्या १६५ ला जेमतेम ६. प्रोसेसरला एका फ्रेमची यादी बनवायला एखाद्या खेळात १० मिलिसेकंद लागत असतील, तर कार्ड कुठलंही लावा, १०० च्या वर फ्रेम जाणार नाहीत. ती त्या खेळापुरती प्रोसेसरची कमाल मर्यादा. रिझोल्यूशन वाढवलं म्हणून ती फारशी हलत नाही, कारण यादी तीच राहते, रंगवायचे पिक्सेल तेवढे वाढतात. १०८०पी वरून १४४०पी वर गेलात की पिक्सेल जवळजवळ पावणेदोनपट होतात आणि तो सगळा भार कार्डावर येतो. म्हणजे नवा मॉनिटर घेऊन तुम्ही प्रोसेसरचं काम वाढवलेलं नाही, १०८० टीआयचं वाढवलंय.

त्यामुळे खरा प्रश्न असा: तुमच्या खेळांत ९९००के ची मर्यादा किती, आणि तेवढ्यात तुमचं भागतं का?

हा प्रोसेसर इतका टिकला कसा, ते समजलं तर पुढचं सोपं जाईल. तो ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. आठ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), सोळा थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), एक-दोन कोअरवर ५ गिगाहर्ट्झ आणि सगळे कोअर कामाला लागले तर ४.७. तेव्हा कितीतरी जण म्हणायचे, गेमिंगला एवढे थ्रेड कशाला, कमी थ्रेडचा ९७००के घ्या आणि पैसे वाचवा. मग नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले. दोन्हींत झेन २ चे आठ कोअर, वेग साडेतीन ते पावणेचार गिगाहर्ट्झच्या आसपास. मोठ्या बजेटचे खेळ आधी त्या यंत्रांवर नीट चालतील असे बनतात, नंतर पीसीवर येतात. ९९००के कडे तेवढेच कोअर आहेत आणि वेग त्याहून जास्त. खेळ कन्सोलवर ६० फ्रेमला चालत असेल, तर तो तुमच्याकडे प्रोसेसरपायी अडायचं सहसा कारण नाही. याउलट जानेवारी २०१७ चा ७७००के बघा. कोअरची रचना जवळपास तीच, पण चार कोअर, आठ थ्रेड. तो नव्या खेळांत केव्हाच धापा टाकायला लागला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही नाही. तुमच्याकडे ७७००के असता तर माझं उत्तर वेगळं असतं.

पण आरतीच ओवाळायची असंही नाही. ९९००के चा एकेक कोअर मुळात २०१५ च्या स्कायलेकचाच आहे, वेग वाढवलेला. एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी. आजचा रायझन ७ ७८००एक्स३डी ९६ एमबी कॅश घेऊन येतो, आणि प्रोसेसरवर जोर असणाऱ्या खेळांत दोघांमधलं अंतर झाकता येत नाही. एवढंच काय, २०२२ चा सहा कोअरचा आय५-१२४०० सुद्धा खेळांत त्याच्या बरोबरीने किंवा थोडा पुढे पळतो. 'आय९' हा शिक्का बघून तो आजच्या आय५ पेक्षा भारी असेल असं धरू नका.

तुमच्या खेळांत हे म्हातारपण कुठे दिसेल? व्हॅलोरंट सोडून द्या, तो इतका हलका आहे की १६५ हर्ट्झला ९९००के ला घाम फुटणार नाही. बाल्डर्स गेट ३ मध्ये पहिले दोन अंक आरामात जातील. तिसऱ्या अंकात शहरात शिरलात की गर्दी, दुकानं, प्रत्येकाची हालचाल हे सगळं प्रोसेसरवर येतं आणि फ्रेम खाली येतात. तिथे तुमचं कार्ड अर्धवट रिकामं बसेल. पण हा पाळीपाळीने लढायचा खेळ आहे. तिथे १२० च्या ७० फ्रेम झाल्या तर किती बिघडतं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला स्वतःला काही बिघडत नाही.

सायबरपंक जरा वेगळं प्रकरण. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटबरोबर त्यांनी शिफारशीच्या यादीत आय७-१२७०० टाकला, तो उगाच नाही. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावल्या दाखवणं, हे फक्त कार्डाचं काम असा समज आहे, पण किरण कशावर आदळणार याची रचना दर फ्रेमला ताजी ठेवायची असते आणि त्याच्या तयारीचा भार प्रोसेसरवरही येतो. गर्दीचा बाजार, रे ट्रेसिंग चालू आणि गाडी भरधाव, हे तिन्ही जमले की ९९००के ची दमछाक होते. त्यावर दोन उपाय आहेत. गेमप्लेच्या सेटिंगमध्ये गर्दीचं प्रमाण 'हाय' वरून 'मीडियम' करा. रस्ता थोडा मोकळा दिसतो, पण फ्रेमच्या खालच्या आकड्यांत फरक जाणवतो. दुसरा उपाय फ्रेम जनरेशन, जे १०८० टीआयवर एनव्हिडियाकडून मिळत नाही आणि ५०७० वर मिळेल. मधल्या फ्रेम कार्ड स्वतः रचतं, त्यांच्यासाठी प्रोसेसरला यादी बनवावी लागत नाही. म्हणून प्रोसेसर अडलेला असतानाही पडद्यावर गुळगुळीत दिसतं. फक्त माऊसचा प्रतिसाद मूळ फ्रेमचाच राहतो, त्यामुळे मूळ आकडा ५०-६० च्या खाली असेल तर हे वापरू नका, हात जड वाटतो.

आता 'टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ५० टक्केच दिसतो, मग तो कसा अडवेल?' हे तुम्ही शेवटी विचारलंय. तो आकडा सोळा थ्रेडची सरासरी आहे. खेळाचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण पिळून निघत असेल आणि बाकीचे निवांत असतील, तरी सरासरी ४०-५० च दिसणार. म्हणून प्रोसेसरकडे बघू नका, कार्डाकडे बघा. कार्डाचा वापर ९५ च्या वर असेल तर कार्ड अडलंय. फ्रेमवर कुठलीही मर्यादा घातलेली नसताना तो ६०-७० वर घुटमळत असेल, तर प्रोसेसर किंवा रॅम अडलीय.

एक रुपया खर्च करण्याआधी ही चाचणी आजच, जुन्या कार्डावरच करा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर टाका. पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम, कार्डाचा वापर आणि एक टक्का लो (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा) दिसतील असं लावा. व्ही-सिंक बंद करा, ते फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधतं. सायबरपंकमध्ये गर्दीच्या बाजारात जाऊन सेव्ह करा आणि तिथे मिनिटभर एकाच रस्त्याने चाला. मग रिझोल्यूशन ७२०पी करा, एफएसआर (कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करायची सोय) 'परफॉर्मन्स' वर टाका, आणि त्याच रस्त्याने पुन्हा चाला. कार्डावरचा भार तुम्ही जवळजवळ काढून घेतलात, तेव्हा आता दिसणारी फ्रेमची संख्या ही ९९००के ची त्या जागची मर्यादा. रे ट्रेसिंग या कार्डावर धड चालणार नाही, म्हणून ते चालू केल्यावर ही मर्यादा आणखी खाली येईल हे गृहीत धरा. ७२०पी वर ९०-१०० फ्रेम मिळाल्या तर ५०७० बिनधास्त घ्या. आत्ताच ५५-६० वर अडकत असेल तर थांबा, कारण मग मशीनमध्ये दुसरंच काहीतरी बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त.

हे 'दुसरंच काहीतरी' माझ्याकडे सारखं येतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

पहिली रॅम. पट्टीवर ३२०० लिहिलेलं असतं आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवायची सोय, कधी चालूच केलेली नसते. मग ती २१३३ किंवा २६६६ ला रखडत बसते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो, तो वाचा. ९९००के ची अधिकृत मर्यादा २६६६ असली तरी झेड३९० वर ३२०० सहसा विनातक्रार चालते, बऱ्याचदा ३६०० सुद्धा. कॅश लहान असलेल्या प्रोसेसरला रॅमकडे वारंवार धावावं लागतं, त्यामुळे इथला फरक सरासरीपेक्षा झटक्यांमध्ये जास्त दिसतो. दोन्ही पट्ट्या योग्य खाचांत आहेत का, तेही बघा. चार खाचांच्या बोर्डवर सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. शेजारीशेजारी बसवल्या असतील तर एकच चॅनल चालतो.

दुसरी गोष्ट तापमान. तुम्ही नागपूरचे, तिथला मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. ९९००के १०० अंशांना स्वतःला आवरतो आणि वेग उतरवतो. खोलीच ४० ला असेल तर कूलरच्या हातात फार काही उरत नाही. तुमच्या पेस्टला सहा-सात वर्षं झालीत, ती बहुधा वाळून पापडी झाली असेल. कूलर काढा, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपाइलने पुसा, नवी पेस्ट लावा. पाण्याचा कूलर असेल तर पंपाचे आरपीएम बायोसमध्ये तपासा. एवढ्या वयाचा पंप अर्धमेला झालेला असू शकतो, आणि 'गेम खेळताना पंधरा मिनिटांनी फ्रेम पडतात' या तक्रारीमागे कित्येकदा तोच निघतो. प्रोसेसरचं झाकण उघडून आत पेस्ट बदलण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ९९००के मध्ये झाकणाखाली पेस्ट नसून डाख दिलेला आहे.

तिसरी गोष्ट कार्डाची खाच. तुमचा बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे कार्ड जोडायच्या खाचेच्या जुन्या पिढीचा आहे. ५०७० सोळा लेनचं (लेन म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा) कार्ड आहे, म्हणून तुम्हाला ३.० वर नाव घेण्यासारखा तोटा नाही. पण बजेट आखडलं आणि तुम्ही ५०६० टीआयकडे वळलात, तर लक्षात ठेवा, ते आठ लेनचं आहे. तुमच्या बोर्डवर त्याला साधारण ८ जीबी प्रतिसेकंद एवढीच वाट मिळेल. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर ठीक. ती भरून वाहिली की टेक्स्चर याच अरुंद वाटेने येतात आणि खेळ अडखळतो. म्हणून जुन्या बोर्डवर ५०६० टीआय घ्यायचंच असेल तर १६ जीबीचं घ्या, ८ जीबीचं नको. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी पूर्ण सोळा लेनचं आहे, तोही पर्याय बघण्यासारखा. आणि खालच्या मोठ्या खाचेत एखादं कॅप्चर कार्ड किंवा एनव्हीएमई अडॅप्टर लावलेलं असेल तर ते काढा. बऱ्याच झेड३९० बोर्डांवर त्याने वरच्या खाचेच्या लेन निम्म्या होतात. जीपीयू-झेड मध्ये 'बस इंटरफेस' समोर एक्स१६ ३.० दिसायला हवं. मशीन निवांत असताना तिथे १.१ दिसतं, घाबरू नका, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून त्याची छोटी चाचणी चालवा म्हणजे खरा आकडा येतो.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत. १०८० टीआय आणि ५०७० दोन्ही २५० वॅटची, त्यामुळे क्षमतेचा प्रश्न नसावा. ५०७० ला एनव्हिडिया ६५० वॅट सुचवते. पण २०१९ चा साधा, नाव नसलेला एसएमपीएस असेल आणि तुमच्या भागात वीज सारखी ये-जा करत असेल, तर नवं कार्ड त्याच्या भरवशावर सोडू नका.

विंडोजबाबत तुम्ही सुदैवी आहात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण ९९००के विंडोज ११ च्या यादीत आहे. बायोसमध्ये इंटेल पीटीटी चालू करा, तोच टीपीएम, विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय. सिक्युअर बूटही चालू करा, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला दोन्ही लागतात. जुनं विंडोज लेगसी (जुन्या बायोसच्या) पद्धतीने टाकलेलं असेल तर आधी डिस्कची मांडणी एमबीआर वरून जीपीटी करावी लागेल. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका. नवा बायोस टाकलात तर अनेक झेड३९० बोर्डांवर रिसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येण्याची सोय) मिळतं, तेही चालू करून ठेवा.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे येऊ. तो अगदीच खोटं बोलत नाहीये, फक्त क्रम उलटा सांगतोय. तुमच्या सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पुढे रस्ता नाही. ९९००केएस सोडला तर वर काही नाही, आणि त्यासाठी पैसे घालण्यात अर्थ नाही. म्हणजे प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅम त्याबरोबर आलीच. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव ज्या तऱ्हेने चढलेत, ते बघता ७८००एक्स३डी, बी६५० बोर्ड आणि ३२ जीबी रॅम यांची बेरीज नव्या कार्डाच्या घरात सहज जाते. तेवढे पैसे घालून १०८० टीआय तसंच ठेवलं तर १४४०पी वर सायबरपंक जवळजवळ आत्तासारखाच चालेल, कारण तिथे अडलंय कार्ड. शिवाय १०८० टीआयच्या पिढीच्या, म्हणजे पास्कल कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलेत, आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट येतात. आणि इंडियाना जोन्स किंवा डूम: द डार्क एजेस सारख्या खेळांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असल्याशिवाय पर्याय नाही. ते १०८० टीआयवर नीट चालणार नाहीत, ९९००के वर चालतील.

काही परिस्थितींत मी दुकानदाराच्या बाजूने उभा राहीन. तुम्ही सिटीज: स्कायलाइन्स २ सारखे सिम्युलेशनचे खेळ तासन् तास खेळत असाल, किंवा काउंटर-स्ट्राइक २ स्पर्धेच्या तयारीने २४० हर्ट्झच्या वर खेळायचं असेल, तर आधी प्रोसेसरच बदला. कार्ड ५०७० टीआय किंवा त्याहून वरचं घेणार असाल, तर ९९००के ला त्याच्याशी जोडणं म्हणजे पैशाची नासाडी. तुमच्या यादीत यातलं काही नाही. आणि अनरिअल इंजिन ५ च्या काही खेळांत नव्या भागात शिरताना जो हलका झटका बसतो, तो नव्या एक्स३डी प्रोसेसरवरही बसतो. त्याचं खापर ९९००के वर फोडू नका.

कार्ड बसवलं की एक काम न विसरता करा. तुमचा मॉनिटर जी-सिंकला (मॉनिटरचा वेग फ्रेमशी जुळवणाऱ्या सोयीला) साथ देत असेल तर ते चालू करा, आणि प्रत्येक खेळाला फ्रेमची मर्यादा घाला, चाचणीत मिळालेल्या आकड्याच्या थोडी खाली. बाजारात ९२ मिळत असतील तर ८५ ला बांधा. कधी १३०, कधी ८० असं हेलकावत राहण्यापेक्षा सलग ८५ डोळ्याला कितीतरी बरं वाटतं, आणि उन्हाळ्यात प्रोसेसरही काही अंश थंड राहतो.

रॅम १६ ची ३२ करायची घाई नको. मागे ब्राउझर आणि डिस्कॉर्ड उघडे ठेवून खेळत असाल आणि मेमरी ९० टक्क्यांच्या वर जाताना दिसली, तरच वापरलेली डीडीआर४ शोधा. आहे त्यातच दोन पट्ट्यांची भर घालणार असाल तर चारही मिळून एक्सएमपी टिकतं का, हे मेमटेस्ट (रॅम तपासायचं साधन) रात्रभर चालवून बघा आणि मगच विकणाऱ्याशी व्यवहार पक्का करा. घेताना ही अट त्याला आधीच सांगून ठेवा.

चाचणीचे आकडे हाती आले की चार गोष्टी कळवा: १४४०पी आणि ७२०पी च्या फ्रेम, दोन्ही वेळचा कार्डाचा वापर, रॅमचा वेग आणि एसएमपीएसवरचं लेबल. त्यावरून ५०७० च घ्यायचं की एक पायरी खाली उतरून पैसे वाचवायचे, ते सांगता येईल.